उताऱ्याच्या पुढची ओळ

अन्याय झाला तो आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका विधवा बाईवर. कधी झाला तेही लिहितो, म्हणजे 'असं काही झालंच नाही' म्हणायची सोय कुणाला राहू नये. सन अठ्ठेचाळीसच्या फाल्गुनात, होळीच्या आधीच्या बाजारच्या दिवशी, चावडीच्या पायरीवर नुकतं ऊन आलं होतं तेव्हा. ठिकाण, तेरच्या अलीकडचं तेरणेकाठचं आमचं गाव. जोंधळ्याच्या कणसांचं गाठोडं तिच्याच डोक्यावर देऊन तिला चावडीसमोर उभी केली आणि कोतवालाकरवी ओरडून सांगितलं की ही चोर आहे. बाजाराला निघालेला सगळा गाव तिच्याकडं बघत बघत पुढं गेला. थांबलं कुणी नाही.

कणसं चोरीची नव्हती, सरव्याची होती.

शहरात वाढलेल्यांना सरवा ठाऊक नसतो. जोंधळा काढून, पेंढ्या बांधून, शेवटची गाडी खळ्याकडं गेली की रान मोकळं होतं. मग आमच्या वस्तीतल्या बायका त्यात शिरतात. खाली पडलेली, मोडून राहिलेली कणसं वेचायची आणि धुऱ्याकडची, जिथं औत नीट वळत नाही तिथली खुरटी ताटं मोडून घ्यायची. कुणी मागत नाही, कुणी देत नाही. शेवटची गाडी गेली का, एवढंच बघायचं असतं. गाडी रानात असताना आत पाय टाकला तर ती चोरी. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण आमच्या गावात पोरीसोरीही तो पाळतात.

ती गाडी गेल्यावरच आत शिरली होती. पण त्या वर्षी सरकारची धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली, कडक होती, आणि त्या रानाच्या मालकांनी आपल्या माणसांना सांगून ठेवलं होतं की यंदा एक कणीस रानात राहायला नको, धुरासुद्धा साफ करा. हे त्यांनी माणसांना सांगितलं. दवंडी दिली नाही. वस्तीत निरोप धाडला नाही. जुना रिवाज मोडायचा तर ज्यांच्या पोटावर येतो त्यांना आधी कळवावं, एवढंही कुणाला सुचलं नाही. दरसालाप्रमाणे ती गेली, राखणदारानं तिला धरली आणि मालकांनी तिला चावडीसमोर उभी करायला लावली.

आम्ही सगळे तिला आत्या म्हणायचो. माझी सख्खी आत्या नव्हे. वस्तीत तशी ती सगळ्यांचीच होती. नवरा जाऊन वर्षं झालेली, एकच लेक, ती बार्शीला दिलेली. त्या दिवशी दुपारी ती मास्तरांकडं आली. मास्तर म्हणजे आमच्या देवळाचे पाळक. मिशनच्या शाळेत आम्हाला त्यांनीच शिकवलं, म्हणून पाळक झाले तरी गाव त्यांना मास्तरच म्हणे. मी तिथंच ओसरीवर होतो. निजामाविरुद्धच्या पत्रकांचा मजकूर लिहायचा आणि हद्दीपलीकडं बार्शीला छापून आली की ती नाका चुकवून इकडं आणायची, वाटायची हे माझं तेव्हाचं काम. नाक्यावर तपासणी वाढली म्हणून काही दिवस गप्प बसायचा हुकूम आला होता आणि मी गप्प बसून कुजत होतो.

आत्या बसली नाही. उभ्यानंच बोलली.

"मास्तर, चावडीवर मला चोर म्हनलं. तुमी देवळात सांगा, मी चोर न्हाय म्हनून. दुसरं मला कायबी नगं."

धान्य मागितलं नाही, फिर्याद मागितली नाही. तिनं काय मागितलं हे वाचणाऱ्यानं नीट ध्यानात ठेवावं, कारण पुढं सगळे तेच विसरले. आमच्या लोकांना गावात उंचावर उभं राहून बोलायची एकच जागा होती, ती म्हणजे देवळातलं ते लाकडी व्यासपीठ. चावडी गावच्या मोठ्यांची होती. देऊळ तेवढं आमचं.

मास्तर म्हणाले, "कापणीच्या सणाला सांगतो. व्यासपीठावरून सांगतो." तिनं मान हलवली आणि गेली.

कापणीचा सण म्हणजे रास घरात आल्यावरचा एक रविवार. त्या वर्षी तो पाडव्यानंतरचा ठरला होता. ज्याचं जे पिकलं त्यातलं पहिलं तो देवळात आणून मेजावर ठेवतो. कुणी जोंधळा, कुणी करडई, कुणी कोंबडी पाय बांधून. उपासना झाली की त्या वस्तूंचा लिलाव होतो आणि लिलावाच्या वेळी हसून हसून पोट दुखतं. एका भोपळ्यासाठी दोन व्याही भांडलेले मी पाहिलेत. आत्या दर वर्षी सरव्याच्या कणसांची एक जुडी आणायची, तांबड्या दोऱ्यानं बांधलेली. आणि दर वर्षी मालक यायचे. देवळाची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली, म्हणून त्यांना पुढं खुर्ची असे आणि गळ्यात हार पडे. म्हणजे आत्याला चोर ठरवणारा त्या दिवशी व्यासपीठापासून हातभर अंतरावर बसणार होता. मला आणखी काय पाहिजे होतं!

मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. म्हणून वाचायला मी. त्यांच्याकडं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, होतं आणि एक इब्री, मूळ हिब्रू भाषेतलं. तरुणपणी नगरकडं पाळकाचं शिक्षण घेताना एका गोऱ्या पाद्र्यानं त्यांना इब्री शिकवलं होतं आणि जाताना आपली प्रत देऊन गेला होता. तिची पाठ उसवलेली, मास्तरांनी ती सुतळीनं शिवलेली. अक्षरं त्यांना आता धड दिसत नव्हती, पण बोट ओळीवर ठेवून ते उजवीकडून डावीकडं सरकत आणि पुटपुटत. आम्ही सगळे निजामाच्या राज्यात उर्दू गिरवलेले, त्यामुळं उलटीकडून वाचण्याचं मला काही नवल नव्हतं. पण ती अक्षरं मात्र परकी होती. जाड, चौकोनी, विटा रचल्यासारखी.

उतारा त्यांनी पहिल्याच दिवशी निवडला. मोशेच्या नियमांतला कापणीचा. शब्द माझे आहेत, भाव तिथला: पीक कापाल तेव्हा रानाच्या कडेपर्यंत झाडून कापू नका, खाली पडलेलं परत वेचू नका, गरिबासाठी आणि परक्यासाठी ते तसंच राहू द्या. मराठी शास्त्रात तिथं चक्क सरवा हाच शब्द आहे. लहानपणापासून मी तो ऐकत आलो होतो आणि आमच्या रानाशी त्याचा काही संबंध आहे असं कधी मनात आलं नव्हतं. मी म्हटलं, मास्तर, झालं की मग प्रवचन. एवढं वाचायचं आणि खुर्चीकडं बोट करायचं.

"तुझ्या पत्रकाला एक पान लागतं," मास्तर म्हणाले. "मला रविवार सांभाळायचाय. बस खाली, पुढारी."

ते मला पुढारी म्हणत. कौतुकानं नव्हे.

दुपारी जेवणं झाली की आम्ही देवळाच्या ओसरीवर बसायचो. त्यांची पद्धत मला अंगावर येई. एकेका शब्दावर ते घटका घटका थांबत. 'कड' म्हणजे किती? कोण ठरवणार? वेचणारी आत शिरते ती कुणाला विचारून? शास्त्र याचं काय सांगतं ते बघायचं, मग आपल्या शिवारात काय चालतं ते आठवायचं, मग परत शास्त्र. मी चिडायचो. बाहेर काय चाललंय आणि आपण इथं कडेची लांबी मोजत बसलोय! बाहेर रझाकारांच्या गाड्या फिरत होत्या, गावंच्या गावं बार्शीकडं सरकत होती. ते म्हणत, बाहेरचं तू बघ, पण हे चुकलं तर मी व्यासपीठावर तोंडघशी पडेन आणि माझ्यासंगं ती म्हातारी पडेल.

एका दुपारी पोलीस अमीन घोड्यावरून आला. सोबत दोन जवान. गावात कुणाकडं पत्रकं येतात याची त्याला कुणकुण लागली होती. त्यातली काही त्या घटकेला मास्तरांच्या चटईखालीच होती आणि मास्तरांना ते माहीत होतं. अमीननं पुस्तकाकडं बोट केलं.

"ये क्या पढ़ रै जी मास्तर? कौनसी ज़बान है?"

"तौरेत है साहब," मास्तर शांतपणे म्हणाले. "हजरत मूसा की ज़बान."

तौरेत, म्हणजे मोशेचं शास्त्र, मुसलमानांनाही पवित्र; अमीन खाली वाकला. हात डगल्याला पुसले, पुस्तकाला बोटं लावली आणि डोळ्यांना लावली. मग जवानांना घेऊन निघून गेला. चटई कुणी उचललीच नाही. घोड्याच्या टापा दूर गेल्यावर मास्तर पोट धरून हसले. म्हणाले, मोशेनं लोकांना तांबड्या समुद्रातून काढलं होतं, आज तुझी पत्रकं काढली. आता तरी त्याच्या कायद्याला एक पान लागतं म्हणू नको.

पुढं उतारा उलगडत गेला तसा मीही गप्प होत गेलो, हे मान्य करतो. एक दिवस त्यांनी येळवस काढली. आमच्याकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळा गाव रानात जातो. कडब्याची कोप करतात, पाच दगडांचे पांडव मांडतात, भज्जी-आंबिल रांधतात आणि वाटेनं जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला बसवतात. मालकांच्या रानातली येळवस तर नावाजलेली. आमच्या वस्तीलाही त्या दिवशी बोलावणं असे. बसवत बाजूला, पण पोटभर वाढत. मास्तर म्हणाले, मी आधी समजत होतो हा उतारा म्हणजे इब्री लोकांची येळवस. पण तसं नाही.

"मग कसं?" मी विचारलं.

"येळवशीला यजमान असतो, बाबा. तो बोलावतो, तो वाढतो, आपण हात जोडतो. इथं बघ, यजमान हायच कुठं? 'द्या' म्हणलेलंच न्हाय. 'सोडा' म्हणलंय. कड त्याची नव्हतीच, तर तो देणार काय?"

मी चटईवर ताठ बसलो. सगळ्या पत्रकांत मी हक्क, हक्क म्हणून लिहीत होतो आणि इतकं साधं मला कधी लिहिता आलं नव्हतं.

तेवढ्यावर ते थांबले असते तरी पुरे झालं असतं. पण खरी गोष्ट त्याच्या दुसऱ्या दिवशी सापडली, आणि ती शोधून नव्हे. मी मराठीतून उतारा वाचत होतो. उतारा संपला, ते 'पुरे' म्हणाले, पण माझी जीभ वेगात होती, मी पुढची ओळही वाचून गेलो. पुढची ओळ आहे: चोरी करू नका.

मग मास्तरांनी इब्री पुस्तक ओढलं, बोटानं जागा शोधली, परत वाचलं, परत वाचलं. मध्ये दुसरा कुठलाच नियम नव्हता. कडेचं सोडा, सरवा सोडा, आणि लगेच, श्वास घेण्याआधी, चोरी करू नका. वर्षानुवर्षं त्यांनी ही दोन वाक्यं वेगवेगळ्या रविवारी वाचली होती. एक दानावर बोलताना, एक पोरांना दरडावताना. ती एकमेकांना चिकटून आहेत हे त्यांनाही दिसलं नव्हतं.

"चोर कोन ते त्यानं सांगून ठिवलंय," ते हळू म्हणाले. "कड झाडून नेतो तो."

मी उठून ओसरीवर चालायलाच लागलो. म्हटलं, मास्तर, हेच. हेच बोलायचं. चावडीनं तिला चोर म्हटलं, देवानं कुणाला म्हटलंय ते आपण खुर्चीसमोर वाचायचं. एक शब्द जास्त नको. ते 'व्हय' म्हणाले. पण त्यांचा चेहरा मला आवडला नाही. सुगरणीनं भाकरी तव्यावर टाकावी आणि तवा तापला आहे की नाही याची तिलाच शंका यावी, तसा तो चेहरा होता.

पुढचे दोन-चार दिवस त्यांनी तोच अध्याय पुढं पुढं वाचायला लावला. मी म्हणत होतो, आता कशाला, मिळालं की. ते म्हणत, अध्याय अर्धा वाचून माणसाला मारायचं नसतं. आणि तिथंच, थोडं पुढं गेल्यावर, त्यांना दुसरी आज्ञा सापडली. शेजाऱ्याविषयी मनात अढी ठेवू नको, त्याचं चुकलं तर जाऊन त्याला सरळ सांग. मास्तरांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, उद्या मालकांकडं जायचं. सणाचं आमंत्रण तर द्यायचंच असतं, तेव्हाच उतारा वाचून दाखवू. पाहुण्याला खुर्चीत बसवायचं, गळ्यात हार घालायचा आणि मग तोंडावर मारायचं, हे मला जमणार नाही. आधी त्याच्या दारात जाऊन सांगतो. शास्त्रच म्हणतं.

मी म्हटलं, मास्तर, चोर म्हणाले ते सगळ्या गावासमोर. मग चोर नाही हे त्याला एकट्याला त्याच्या ओसरीवर सांगून काय होणार? ते म्हणाले, एकट्याला सांगतो आणि मग सगळ्यांसमोरही सांगतो. दोन्ही करतो.

आज कुणी म्हणेल, घाबरला असेल म्हातारा. नाही. तो घाबरला नव्हता. अमीनसमोर चटईवर मांडी घालून बसलेला माणूस तो. अभ्यास कमी पडला असंही नाही. माझं दुःख हेच आहे की तो माणूस चुकला तो पूर्ण अभ्यास करून.

मी त्यांचा हात धरून नेला, कारण वाट त्यांना नीट दिसत नव्हती. मालकांनी अगत्यानं बसवलं. आम्हाला ओट्याच्या खालच्या पायरीवर, ते वर. चहा आला, आमच्यासाठीच्या कोनाड्यातल्या कपांतून. मास्तरांनी आमंत्रण दिलं आणि म्हणाले, या साली असा असा उतारा घेतलाय, आपण ऐकून घ्यावा. उतारा त्यांना पाठच होता. कडेपर्यंत कापू नका. सरवा वेचू नका. गरिबाला, परक्याला राहू द्या. ते सावकाश म्हणत होते आणि मी मालकांकडं बघत होतो.

मालकांची मान खाली गेली. हे मी खोटं लिहिणार नाही. खरोखरच खाली गेली. ते परत एकदा म्हणायला सांगून ऐकत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, लेव्हीच्या धास्तीनं आमच्याकडनं तसं झालं. म्हातारीला उपाशी ठिवायचं पाप मला नगं. सणाला येताना एक पोतं घेऊन येतो तिच्यासाठी."

आता पुढची ओळ. मी मास्तरांच्या हाताला हात लावला. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला, हात जोडले आणि म्हणाले, "आपलं मन मोठं, मालक."

आम्ही उठलो. पुढची ओळ त्या ओट्यावर म्हटलीच गेली नाही.

परत येताना नदीच्या उतारावर मी भांडलो. मोठ्यानं भांडलो. मास्तर म्हणाले, माणूस वाकला होता रे, वाकलेल्याला लाथ घालायची का? त्याच्या रानाची कड परत मोकळी होईल, म्हातारीच्या घरात वर्षाचे दाणे येतील. तुला भांडण पाहिजे, मला तिची चूल पेटलेली पाहिजे.

"तिनं दाणे मागितले नव्हते," मी म्हटलं.

ते थबकले. पाण्याच्या आवाजाकडं तोंड करून थोडे उभे राहिले. मला वाटलं आता परत फिरतात. पण ते म्हणाले, हात धर, दगड निसरडे आहेत.

सणाच्या दिवशी देऊळ भरलं. मेजाच्या पुढं पोतं उभं केलं होतं, त्याला झेंडूची माळ घातलेली. मालक खुर्चीत, त्यांच्याही गळ्यात झेंडूची माळ. पोतं आणि मालक जोडीनं बसल्यासारखे दिसत होते आणि मागं कुणीतरी तसं कुजबुजून हसलंही. आत्या बायकांच्या बाजूला भिंतीशी बसली होती. लुगडं धुतलेलं, डोकं चोपून बसवलेलं. तिनं त्या साली जुडी आणली नव्हती. आणणार कुठून?

मास्तर उत्तम बोलले. तेही लिहिलं पाहिजे. असा उतारा उलगडलेला मी पुन्हा ऐकला नाही. येळवस आली, कड आली, परका आला, देवाची दया आली. 'यजमान' तेवढा गळला. 'सोडा'चं हळूहळू 'द्या' झालं. आणि शेवटी ते म्हणाले की शास्त्राचं वचन ऐकून काळीज हलतं याचा पुरावा आज आपल्यापुढं उभा आहे. त्यांनी पोत्याकडं हात केला. मंडळी खूश झाली. रडलीसुद्धा काही. गावच्या मालकानं आमच्यापुढं मान झुकवल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा आनंद खोटा होता असं मी म्हणत नाही.

मग त्यांनी आत्याला पुढं बोलावलं.

ती आली. पोत्याकडं पाहिलं, मालकांकडं पाहिलं नाही. पदर सारखा केला आणि मास्तरांना म्हणाली, "हे त्यांचं हाय, त्यांनी न्यावं. मला एवढंच सांगा मास्तर, समद्यांम्होरं. मी चोर हाय का न्हाय?"

मेजापाशी पाय बांधलेल्या कोंबड्या फडफडत होत्या. मास्तरांच्या तोंडात शब्द होता. मी तो त्या ओसरीवर ऐकला होता. त्यांनी ओठ उघडले, खुर्चीच्या दिशेला मान वळवली, त्यांना धड दिसत नव्हतं तरी वळवली, आणि म्हणाले, "बाई, आज आनंदाचा दिवस आहे."

मी उठलो. म्हटलं, पुढची ओळ वाचा मास्तर. मागून चुलत्यानं सदरा धरून खाली ओढला. मंडळीच्या पंचांपैकी एकजण म्हणाला, तुझी पत्रकं बाहेर वाट, इथं नको. मी परत उठेपर्यंत ती दाराशी पोचली होती. मी बाहेर पळालो. ती चपला पायात सरकवत होती. म्हणाली, "तू कशाला बोंबलतो लेकरा. तुझं कोन ऐकतंय? त्येनी बोलायचं व्हतं."

आत लिलाव सुरू झाला होता. पोत्याचं काय करायचं असा प्रश्न आला, तेव्हा पंचांनी तेही लिलावात काढलं. मालकांनी सगळ्यांत वरची बोली केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोतं ज्या गाडीतून आलं होतं त्याच गाडीतून त्यांच्या घरी परत गेलं, माळेसकट.

पुढच्या बाजारच्या दिवशी आत्या लेकीकडं बार्शीला निघून गेली. घराला कडी घातली, कुलूप नव्हतंच.

भाद्रपदात फौजा आल्या आणि निजामी संपली. चावडीवरचं निशाण बदललं. आम्ही ढोल वाजवले, मीही वाजवला. ज्या पायरीसमोर ती उभी होती त्याच पायरीवर आता मालक नवी पांढरी टोपी घालून लोकांचे अर्ज ऐकतात. कोतवाल तोच आहे. मला वाटायचं निशाण बदललं की तो शब्दही पुसला जाईल. शब्द पुसला गेला नाही. गावात अजून तिच्या घराची खूण सांगताना 'ती चोरी केलेली, तिचं घर' असं सांगतात. रागानं नाही, सवयीनं.

मास्तरांना आता अजिबात दिसत नाही. गेल्या आठवड्यात मी त्यांच्यापाशी बसलो होतो. मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले, "उतारा मी नीट वाचला व्हता रे. फक्त ज्याला ऐकवायचा त्याच्या दारात अर्धा ठिवून आलो. राहिलेला अर्धा परत उचलता आला न्हाय." मग त्यांनी ती ओळ म्हणून दाखवली. आधी इब्रीत, मग मराठीत. ओसरीवर आम्ही दोघंच होतो. ज्यांनी ऐकायची त्यांतलं कुणीच नव्हतं.

या सुगीच्या आधी मी बार्शीला जाऊन आलो. आत्या सरकी निवडण्याच्या कामाला जाते. केसांत, भुवयांत कापूस. मी तिला सगळं सांगितलं. राज्य बदललं, आता कुणाला भ्यायचं कारण नाही, चल परत. तिनं मला गूळ-पाणी दिलं, माझ्या आईची चौकशी केली आणि मग विचारलं, "चावडीवर कुनी बोललं का?"

मी म्हटलं, नाही.

"मंग?" ती म्हणाली आणि परत कामाला बसली.

हे लिहितोय ते आमच्या गावच्या आणि शेजारच्या गावांच्या लोकांसाठी. तुमच्यातले कितीतरी जण त्या सकाळी बाजाराला जाताना तिच्यासमोरून गेलात. कितीतरी जण त्या रविवारी देवळात टाळ्या वाजवत होतात. मास्तरांना दोष देऊन सुटू नका. तो बिचारा निम्मा तरी बोलला. मला तुमच्याकडून वर्गणी नको, ठराव नको, तिच्यासाठी पोतंही नको. येत्या होळीच्या आधीच्या बाजारच्या दिवशी, उन्हं पायरीवर येतील तेव्हा, चावडीसमोर या. मी तिथं असेन. कोतवाल असेल, मालक असतील, तुमचे सोयरे असतील. त्यांच्यादेखत, जितक्या मोठ्यानं तिला चोर म्हटलं गेलं तितक्याच मोठ्यानं, तुमच्या स्वतःच्या तोंडानं सांगा: ती चोर नव्हती.